आधी रिसेट, मग बंद

वर्ध्याजवळच्या देवळीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा खोलीसाठी मी गावभर पायपीट केली. साताऱ्याकडची एकटी बाई दिसली की लोक आधी आडनाव विचारत, मग नवरा कुठं असतो ते विचारत, आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगत. बस स्टँडमागच्या गल्लीतल्या एका घरमालकांनी मात्र यातलं काहीच विचारलं नाही. ते बनियनवर बसले होते, समोर एक उघडं यंत्र होतं, आणि मान वर न करता त्यांनी मला विचारलं,

"तुमच्या दवाखान्यात लसीच्या फ्रिजातल्या तारखा कोन पाह्यते?"

"आता मीच बघणार."

"तारीख टळली तर?"

"फेकून द्यायची."

"बाटली चांगली दिसून राह्यली तरी?"

"तरी."

तेव्हा कुठं त्यांनी वर पाहिलं. चष्म्याच्या तुटक्या दांडीला शिवणाचा काळा दोरा बांधलेला होता. "आइकलं का," ते आतल्या दिशेनं ओरडले, "खोली देऊन टाकली म्या!"

त्या खोलीत मी आठ वर्षं राहिले. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या चार आणि त्यापुढच्या चार वर्षांची.

गावात त्यांना सेलवाले भाऊ म्हणत. घराणं कापड दुकानाचं. पण भाऊ गल्ल्यावर बसले की गिऱ्हाईक सोडून रेडिओ उघडून बसायचे, म्हणून धाकट्या भावांनी हात जोडून त्यांना घरी बसवलं आणि रस्त्याकडची खोली त्यांच्या नावानं सोडून दिली. भाऊंनी नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून टीव्हीला लावायची दोन गेमची मशिनं आणली आणि त्या खोलीत दुकान थाटलं. शाळा सुटली की गल्लीत चपलांचा ढीग पडायचा.

त्या मशिनात कॅसेट लागायची. गाण्याची नव्हे, हाताच्या पंज्याएवढी प्लास्टिकची जाड वडी, तिलाच सगळे कॅसेट म्हणत. बहुतेक कॅसेटींना आठवण नसे. मशीन बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण काही मोजक्या कॅसेटींच्या पोटात नाण्याएवढा चपटा सेल असायचा. मशीन बंद असलं तरी तो सेल आतल्या आठवणीला इवलीशी वीज देत राही, म्हणून खेळणारा जिथं थांबला तिथून महिन्यानं, वर्षानं पुन्हा सुरू करता यायचं. सेल मेला की सगळं पुसलं. वर्षभर जिंकलेलं एका क्षणात जायचं, आणि कधी गेलं हेसुद्धा कळत नसे.

"सेल सांगून मरत नाई," भाऊ म्हणायचे. दिवसातून चार वेळा तरी म्हणायचे. भाजीवाल्याला, पोस्टमनला, लग्नाचं बोलावणं करायला आलेल्यांना, सगळ्यांना. कंपनीवाले म्हणत सेल दहा वर्षं टिकतो. भाऊ म्हणत, ती दहा वर्षं त्यांच्या थंड मुलखातली; वर्ध्याच्या उन्हात सहाच धरायची. सहा वर्षं झाली की धडधाकट सेल ते काढून टाकत आणि नवा बसवत. "जिता हाय तवाच बदलायचा. मेल्यावर त्याचा दाखला घेऊन काय करता?"

हे माझ्या रोजच्या कामासारखंच होतं. ताप येण्याआधी पोराला टोचायचं, आणि पोरं रडली की आयांच्या शिव्या खायच्या. म्हणून आमचं जमलं. दवाखान्यातली चिकटपट्टी मी त्यांना आणून दिली. प्रत्येक कॅसेटीच्या पाठीवर त्या पट्टीचा तुकडा लावून त्यावर सेल बसवल्याची आणि बदलायची, अशा दोन तारखा ते लिहू लागले. पट्टी हातात आल्यावर मात्र त्यांना धरबंध राहिला नाही. टॉर्च, भिंतीवरचं घड्याळ, गॅसची नळी, लोणच्याची बरणी, सगळ्यांवर तारखा चढल्या. एक दिवस माझ्या छत्रीच्या मुठीवरही पट्टी दिसली. "दोन पावसाळे झाले. काडी मोडाच्या आधी बदलून टाकजा," म्हणाले.

दुकानात खडूनं लिहिलेली पाटी होती: फुंकू नये. पाय लावू नये. आधी रिसेट, मग बंद.

कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, ही त्या काळच्या समस्त पोरांची जन्मजात विद्या. भाऊंना ती डोळ्यांसमोर चालत नसे. "थुंका उडते तुह्या तोंडातून! गंज चढते!" म्हणून ते कॅसेट हिसकावून घेत आणि खोडरबरानं तिचे पितळी दात घासत. मग जिनिंगच्या कारखान्यातून मागून आणलेल्या कापसाचा बोळा काडीला गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, आजारी माणसाचे ओठ पुसावेत तसे हलक्या हातानं पुसत. पावसाळ्यात कॅसेटी स्टीलच्या डब्यात जात. डब्यात तळाला चुन्याची पुरचुंडी, ओल शोषायला. मे महिन्यात देवळी तव्यासारखी तापते, तेव्हा घरोघरी कूलर घुरघुरत. भाऊंच्या दुकानात कूलरला बंदी. कूलरची हवा ओली असते आणि ओली हवा आतून खाते, हे त्यांचं शास्त्र. पोरं घामानं निथळत खेळायची आणि मशिनावर भाऊ ताडाच्या पंख्यानं वारा घालायचे. पोरांना नाही, मशिनाला!

पाटीवरचं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. मशीन बंद होताना विजेचा जो धक्का बसतो त्यात ते गडबडतं आणि आठवणीवर काहीबाही खरडून ठेवतं. म्हणून आधी रिसेटचं बटण दाबून धरायचं आणि मग वीज बंद करायची. भाऊंनी हा नियम सगळ्या संसाराला लावला होता. त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याला एकदम उठता येत नसे. निघण्याआधी सांगावं लागे, मग थोडं बसावं लागे, आणि मग उठायला परवानगी. "एकदम बंद केलं का मेमरी उडते." वर्ध्याला जायची शेवटची बस या नियमापायी किती जणांची चुकली असेल, देव जाणे. लोडशेडिंग तर त्यांचा सात जन्मांचा वैरी. कुठल्याशा मोडक्या ट्रकची बॅटरी आणून त्यांनी मशिनांपुरती सोय केली होती. अख्खी गल्ली अंधारात आणि भाऊंचं दुकान निळं उजळलेलं, हे मी कितीदा पाहिलंय.

या सगळ्याचं फळ कुणाला मिळायचं ते एकदा माझ्यासमोर घडलं. भिलाईला नोकरीला लागलेला एक मिशीवाला माणूस दिवाळीला गावी आला, तो सहज दुकानात डोकावला. सातवीत असताना अर्धवट सोडलेला खेळ भाऊंनी त्याला काढून दिला. पडद्यावर त्याचं नाव आलं. त्यानं ते बोटानं चाचपून पाहिलं. मग बायकोला बोलावून आणतो म्हणून गेला, आणि खरंच तिला घेऊन आला. भाऊ त्या दिवशी जेवताना स्वतःशीच हसत होते.

आता काकूंविषयी सांगायला हवं. काकू म्हणजे भाऊंच्या पत्नी. माहेर अल्लीपूर, लग्न सोळाव्या वर्षी, गुडघे चाळिशीतच गेलेले. इकडच्या बायका बोलताना "मी जातो", "मी करतो" असंच म्हणतात. काकूही तशाच बोलायच्या, आणि पहिले काही महिने मला त्याचं हसू यायचं. एकुलती एक मुलगी लग्न होऊन रायपूरला. भाऊ दुपारी झोपत, पोरं शाळेत असत, त्या वेळात काकू आवरासावर करून दुकानात यायच्या, पायाखाली उशी घ्यायच्या आणि मशीन लावायच्या.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारातच थबकले. पदर खोचलेली, कुंकू लावलेली बाई मशिनाचा रिमोट धरून बसली होती आणि तिचे अंगठे शेंगा फोडल्यासारखे झरझर चालत होते. पडद्यावर पाठीवर टोपली घेतलेला एक ठेंगणा माणूस डोंगर चढत होता. त्यानं गावोगाव फिरून विझलेले दिवे लावायचे, वाटेत रोपं लावायची, आणि शेवटी किल्ल्यात जाऊन राक्षसाला मारायचं, असा तो खेळ. त्यातलं अक्षर न् अक्षर इंग्रजी आणि काकू तर मराठीच अडखळत वाचायच्या. पण कुठल्या चित्रापाशी कोणतं बटण, हे सगळं त्यांनी पाठ केलं होतं. सुरुवातीला नाव घाला म्हटलं तेव्हा नाव म्हणजे काय हे न कळून त्यांनी पुढं सरकेपर्यंत एकच बटण दाबलं होतं. म्हणून त्यांच्या माणसाचं नाव चार वेळा ए.

"काकू, राक्षस मारला का?" मी एकदा विचारलं.

"कायले मारू? मेला का खेळ खतम. मंग मी जाऊ कुठं?" पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "अल्लीपूर ते देवळी, देवळी ते वर्धा, इतकंच पाह्यलं म्या. इथं पाहा, समुद्र हाय."

आणि खरंच होता. नकाशाच्या अगदी उगवतीच्या टोकाला निळं पाणी आणि काठावर एक झोपडी. तिथवर पोचायला काकूंना चार वर्षं लागली होती. त्या सगळीकडे फिरून येत, रोपांना पाणी घालत, आणि चहाची वेळ झाली की आपला माणूस झोपडीपाशी आणून उभा करत. आधी रिसेट, मग बंद.

तर मुद्दा असा की एका दुपारी काकूंची कॅसेट माझ्या हातात आली आणि मी सवयीनं पट्टी पाहिली. तारीख टळून चार वर्षं झाली होती! आत पहिलाच सेल, दहा वर्षांचा. गल्लीतल्या शेंबड्या पोराच्या कॅसेटीचा सेल वेळेवर बदलणाऱ्या माणसाच्या घरात हे!

मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "पाहू." पुढच्या आठवड्यात विचारलं, म्हणाले, "पाहू ना." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडले. "सिस्टर, तुमी हजार लेकरायले सुई टोचता. आपल्या पोटच्याले टोचता येईन का?"

मला पोटचं नव्हतंच, पण समजलं. त्यांना भीती होती. आणि भीतीमागे आणखी एक गोष्ट होती, ती मी नर्स असल्यानं मला आधीच दिसली होती. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. चहाचा कप ते आता डाव्या हातानं धरत. इतर कॅसेटींच्याही तारखा टळू लागल्या होत्या, आणि पाटीवर खडू फिरवताना अक्षर वाकडं येऊ लागलं होतं. मी डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, "उन्हाळ्याचं होते असं." तेव्हा जानेवारी होता.

अखेर काकूच बोलल्या. "सेल मेल्यावर जाईन ते तसंही जाईनच. तुमी करा. गेलं तर गेलं." त्यांचा आवाज मात्र गेलं तर गेलं म्हणणाऱ्याचा नव्हता. दहा वर्षांच्या दुपारी होत्या त्यात.

एका रविवारी सकाळी, वीज असेल अशी वेळ बघून, आम्ही बसलो. पद्धत अशी: जुना सेल काढून नवा बसेपर्यंत मधे जी दोन-चार मिनिटं जातात तेवढ्यात आठवण पुसली जाते. म्हणून आधी बाहेरून दोन पेन्सिल सेलांची वीज तारांनी जोडून द्यायची, मग जुना काढायचा, नवा डागायचा, आणि शेवटी तारा सोडवायच्या. ऑपरेशनच्या वेळी बाटली लावतात तसंच. भाऊंनी हे वीसेक वेळा केलं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं. त्यांच्या कपाटात नव्या सेलांचा एक लाडवाचा डबा असे. त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही. डब्यातले दोन सेल काढून त्यांनी प्लास्टिकच्या खोबणीत बसवले. दवाखान्यातून मी रक्तवाहिनी पकडायचा चिमटा आणला होता, आच आत जाऊ नये म्हणून तारेची मुळं त्यानं धरून ठेवायची.

"भाऊ, मी डागू का? माझा हात स्थिर आहे."

"तिची कॅसेट हाय," ते म्हणाले. विषय संपला.

सोल्डरिंगची कांडी तापली. तिचा प्लग काढून घेतला, कारण त्यातून गळती वीज आत शिरू शकते. मी चिमटा धरला. काकू दारात उभ्या होत्या, हातात पिठाचा गोळा तसाच. भाऊंनी श्वास रोखून पहिला डाग वितळवला, दुसरा वितळवला, जुना सेल सुटून टेबलावर पडला. नवा ठेवताना त्यांचा हात एकदा हलला, कांडी तारेला जरा घासली. एवढंच. मग डाग बसले, चांगले चकचकीत बसले. झाकण लागलं. कॅसेट मशिनात गेली.

पडदा उजळला. नावांच्या तीन ओळी आल्या. तिन्ही रिकाम्या.

बाहेर सोयाबीनचं पोतं उतरवणारे कुणीतरी हाका मारत होते. भाऊंनी कॅसेट काढली, पुन्हा घातली. मग आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "माहा हात हालला."

"हालू द्या," काकू म्हणाल्या. "पोया थंड होऊन राह्यल्या, चला." आणि आत गेल्या. त्या दिवशी पोळ्या लाटून झाल्याच नव्हत्या.

भाऊ मागच्या अंगणात जाऊन बसले. टेबल मी आवरलं. पेन्सिल सेलांची खोबण उघडीच होती आणि तिच्यात एकच सेल होता. तो काढला तर बुडाशी ब्लेडनं कोरलेली बारीक फुली. ती खूण मला माहीत होती. दर दिवाळीला भाऊ घरातल्या घड्याळांचे, रेडिओचे, टॉर्चचे सेल चालते असतानाच काढत, बुडाशी फुली मारत आणि वेगळ्या डब्यात टाकत. त्यांना ते रिटायर सेल म्हणत, आणि शेजारीपाजारी कुणी मागायला आलं की त्यातले देत. म्हणजे नव्यांच्या डब्यात रिटायर सेल आला होता, तोही पार मेलेला. इंजेक्शन भरण्याआधी बाटलीवरचं लेबल तीनदा वाचणारी मी, मीही बूड उलटून पाहिलं नव्हतं. दुसरा सेल कुठं गेला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. हातातला मी एप्रनच्या खिशात टाकला.

चार दिवसांनी काकूंचं ब्लडप्रेशर बघत होते. पट्टा दंडावर फुगत असताना त्या हळूच म्हणाल्या, "सिस्टर, ते सेल म्या ठेवलते."

मी पंप दाबायची थांबले.

"मानूस दारात येते, सेल मांगते. त्याले वापरलेलं कसं द्याव? भिकाऱ्याले देल्यावानी वाटते. हे तर देऊन राह्यले हासत हासत. मले लाज वाटे. मंग मी नव्या डब्यातले देत होतो, आन डब्यात गिनती कमी नोको दिसाले म्हणून फुलीवाले तळाशी भरून ठेवत होतो. टॉर्चमंधी जळते ना, मंग झालं, असं वाटे मले."

दहा वर्षं गल्लीभर नवे सेल चालत होते आणि भाऊंच्या घरात रिटायर!

"सांगू का मी भाऊंना?"

"नोका!" त्यांनी दंड ओढला. "हात गेला असं त्याईले वाटून राह्यलं, त्याचं मी पाहून घेतो. हाताचं होईन काही. पन डबा खोटा निघाला, हे त्याईच्यानं सहन नाई होनार. त्या डब्यावर त्याईचा जीव हाय."

ब्लडप्रेशर एकशे सत्तर निघालं. न सांगायचं मी कबूल केलं, आणि बाहेर येऊन मला वाटलं, हे काही बरोबर नाही. हात हलला म्हणून माणूस दुकान बंद करून बसलाय, पाटी पुसलीय, आणि आपल्या खिशात खरी गोष्ट आहे. काकूंना दिलेला शब्द मोडायचं ठरवूनच मी अंगणात गेले. भाऊ लिंबाखाली बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा हात हलला म्हणून ते गेलं नाही."

त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि तळहात माझ्यासमोर उघडला. दुसरा सेल. बुडाशी फुली.

"म्याच मारली फुली. मले नाई दिसनार?"

"मग हात हलला असं काऊन म्हणालात?" माझ्याही तोंडी काऊन आलं.

"हात तर तसाई हालते. त्याच्यावर एक ठपका जास्त बसला तर त्याले काय भारी होते? तिचे दहा वर्षं गेले, सिस्टर. ते तिच्याच हातानं गेले, असं तिले सांगू?" सेल पुन्हा खिशात गेला. "ती नवे देत होती लोकायले. मी जुने वाटत होतो. हे मले दहा वर्षांत समजलं नाई." लिंबाकडे पाहत ते म्हणाले, "मले मालूम हाय, हे तिले सांगजा नोका."

मी काय करणार? दोघांनी माझ्या एकेका कानात एकेक कुलूप घातलं आणि किल्ल्या आपापल्याकडे ठेवल्या. नोकरीत मी पुष्कळ गुपितं सांभाळली आहेत. इतकी गोड आणि इतकी जड कुठलीच नव्हती. त्या रात्री मी रडले, आणि मग बऱ्याच वेळानं मला हसूही आलं.

पुढच्याच आठवड्यात काकूंनी दुपारी भाऊंना झोपेतून उठवलं. "धरा हे. म्हणे हात हालते. पाहू द्या कसा हालते," म्हणून रिमोट त्यांच्या हातात कोंबला. इतकी वर्षं मशिनं राखणारे भाऊ स्वतः कधी खेळलेच नव्हते. काकूंनी आपला माणूस पुन्हा पहिल्या गावापासून सुरू केला, चार वेळा ए. त्याखालच्या ओळीत भाऊंचा, चार वेळा बी. पहिल्या गावाबाहेर ओढ्यावर एक अरुंद फळी होती. भाऊंचा अंगठा थरथरे आणि त्यांचा माणूस टोपलीसकट पाण्यात पडे. पुन्हा चढे, पुन्हा पडे. काकू हसून हसून डोळे पुसत. "अवो, सरळ चाला ना!" "चालूनच राह्यलो!" शेवटी काकू त्यांच्या हातावर हात ठेवून त्या माणसाला फळीवरून पार नेत. पलीकडे पोचला की भाऊ माझ्याकडे बघत, काकूही माझ्याकडे बघत, आणि मी दोघांच्याही मधे कुठंतरी भिंतीकडे बघत असे.

दुकान पुन्हा उघडलं. पाटीही पुन्हा लिहिली गेली, या वेळी काकूंच्या अक्षरात. डागायचं काम भाऊ सांगत आणि मी करत असे. माझी बदली भंडाऱ्याला झाली तोवर मी नऊ कॅसेटींचे सेल बदलले. निघताना मी उंबऱ्यात पाऊल टाकलं तसा भाऊंनी हात वर केला. मला परत येऊन बसावं लागलं. चहा झाला. मग म्हणाले, "आता जा." तेव्हा भाऊंचा माणूस तिसऱ्या गावापर्यंत आला होता. समुद्र फार लांब होता.

भाऊ गेले तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही, याची खंत अजून आहे. दोन वर्षांनी काकूही गेल्या. त्यानंतर त्यांची रायपूरची मुलगी माझा पत्ता शोधत भंडाऱ्याला आली. एक मशीन आणि एक स्टीलचा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आई म्हणे, हे सिस्टरले देजो. बाकी काही म्हटलं नाही." डब्यात चुन्याची पुरचुंडी होती आणि काकूंची कॅसेट होती.

पट्टी नवी होती. दोन तारखा, दोन्ही काकूंच्या अक्षरात, आणि पहिली तारीख भाऊ गेल्यानंतरची. झाकण उघडून पाहिलं. कथलाचा डाग जरा मोठा झालेला, करंजीच्या मुरडीसारखा जाडसर, पण पक्का. गुडघ्यांखाली उशी घेऊन, एकटीनं, तापलेली कांडी हातात धरून बसलेल्या काकू मला दिसल्या, आणि मला काही वेळ ते झाकण लावता आलं नाही.

संध्याकाळी मशीन टीव्हीला जोडलं. वरच्या ओळीत चार ए, खालच्या ओळीत चार बी. वरचा उघडला. टोपलीवाला माणूस समुद्राकाठी झोपडीपाशी उभा होता. बाहेर येऊन खालचा उघडला. तोही तिथंच उभा होता, त्याच झोपडीपाशी, पाण्याकडे तोंड करून. तिसऱ्या गावापासून इथपर्यंत तो आपल्या पायानं आला की त्याला मागाहून कुणी आणून सोडलं, हे कळायला आता मार्ग नाही.

मी रिसेट दाबून धरलं, मग बंद केलं.

पट्टीवरची दुसरी तारीख येत्या दिवाळीची आहे. चिमटा आहे, कांडी आहे, चपटा सेल आणलाय. दोन पेन्सिल सेलही आणलेत, दुकानदाराकडून बंद पाकिटातलेच मागून घेतले आणि दोन्हींची बुडं तिथंच दिव्याखाली धरून पाहिली. घरात मी एकटीच असते, डब्याला हात लावणारं कुणी नाही. तरी ते पाकीट मी कपाटात सगळ्यात वर, मागं सरकवून ठेवलंय.